ऊसतोडीच्या फडावरून आलेलं मूल शाळेकडे आणि शिक्षकांकडे कसं पाहतं?

प्रश्न थोडक्यात असा. पंढरपूर तालुक्यातल्या एका दोनशिक्षकी शाळेत नव्यानं लागलेल्या शिक्षणसेवकांनी विचारलं आहे. दिवाळीनंतर साखर कारखान्याच्या ऊसतोड टोळ्या उतरल्या, तेव्हा कोप्यांवरची, म्हणजे मजुरांच्या तात्पुरत्या झोपड्यांमधली, ११ मुलं त्यांनी शाळेत आणली. वह्या दिल्या, खाऊ दिला, कधी आवाज चढवला नाही. तरी तीन आठवडे झाले, मुलं बोलत नाहीत, एकमेकांना चिकटून मागे बसतात, आठवड्यातले दोन दिवस येतच नाहीत, आणि कधी तोंड उघडलं तर "आमच्या गावच्या शाळेत असं नसतं" म्हणतात. निर्वासित मुलांच्या शिक्षणाबद्दल त्यांनी काही वाचलं आहे. ते इथं लागू पडतं का, आणि या मुलांना शाळेविषयी, शिक्षकांविषयी मनातून काय वाटतं, हे त्यांना हवं आहे.

सर, कोपीपासून वर्गापर्यंत ११ मुलं आणलीत, म्हणजे निम्मं काम झालं. मी जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळांत ३१ वर्षं शिकवलं. त्यातली १९ वर्षं माळशिरस आणि पंढरपूर तालुक्यांतल्या ऊसपट्ट्यात गेली. दिवाळी झाली की माझा वर्ग फुगायचा आणि कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की ओसरायचा. पुढचं सगळं त्या वर्गांतून आलेलं आहे.

तुमच्या प्रश्नाच्या तळाशी एक खंत दिसते: एवढं करूनही मुलं जवळ का येत नाहीत? माझं मत असं की मुलं तुम्हाला जोखत आहेत. तीन आठवडे हा त्यासाठी फार मोठा काळ नाही.

या मुलांच्या आयुष्यात मोठ्या माणसांच्या शब्दाची काय गत असते, ते बघा. टोळी जमवणारा मुकादम उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, देताना एक सांगतो आणि हिशेबाला बसल्यावर दुसरंच निघतं. गाडी उद्या सकाळी येणार म्हणतात, ती रात्री दोनला येते, आणि झोपेतली पोरं उचलून ट्रॉलीत भांड्याकुंड्यांवर टाकावी लागतात. आई म्हणालेली असते, "यंदा तुला आजीपाशी ठेवते," आणि ऐन निघायच्या वेळी आजी अंथरूण धरते. आईनं फसवलेलं नसतं, पण शब्द टिकत नाहीत एवढं मूल शिकून बसलेलं असतं. त्यामुळे गोड बोलण्यावर ते भुलत नाही. काल जे म्हणालात ते आज केलंत का, एवढंच ते बघतं. आणि फार बारकाईनं बघतं.

हे मला प्रशिक्षणात कुणी सांगितलं नाही. एका रविवारी पालकांना भेटायला कारखान्याजवळच्या गाडीतळावर गेले होते. माणसं अजून फडातून परतली नव्हती. कोप्यांच्या मागे पाच-सहा पोरं शाळा-शाळा खेळत होती. बाई झाली होती माझ्याच वर्गातली नऊ वर्षांची मुलगी. कमरेवर धाकटा भाऊ, हातात वाढ्याची, उसाच्या शेंड्याची, काडी, समोर दोन विटांचं टेबल. ती हजेरी घेत होती. आमच्या गावातल्या मुलांची नावं तिनं आडनावासकट, ओळीनं, अगदी माझ्या सुरात घेतली. ती मुलं तिथं नव्हतीच, म्हणून प्रत्येकाच्या वतीनं स्वतःच "हजर बाई" म्हणाली. मग समोर खरोखर बसलेल्या पोरांकडे काडी रोखली आणि म्हणाली, "तुम्ही बसा. तुमचं नंतर बघू."

ते वाक्य माझं होतं. रोज सकाळी हजेरी संपली की कोप्यांवरच्या मुलांना मी तेच म्हणायचे. त्यांची नावं हजेरीच्या शेवटच्या पानावर पेन्सिलीनं लिहिलेली असायची. मार्च-एप्रिलमध्ये खोडायला सोपं जावं, एवढाच त्यामागचा विचार. मनात दुजाभाव नव्हता, निदान मला तसं वाटत होतं. ती मुलगी वर्गात माझ्याशी चार शब्द बोललेली नव्हती, पण शाळेबद्दल तिचं काय मत आहे ते तिनं त्या खेळात पुरतं सांगून टाकलं होतं: शाळा चांगली आहे, बाईही बऱ्या आहेत, पण ही शाळा दुसऱ्यांची आहे.

दुसऱ्या दिवशी सगळी नावं मुख्य हजेरीत पेनानं लिहिली आणि पुकारताना मधूनच, इतरांबरोबर घेतली. मधल्या सुट्टीत एक मुलगा टेबलाशी आला. हजेरी उघडीच होती. त्यानं स्वतःचं नाव शोधलं, बोटाला थुंकी लावली आणि नावावर घासून पाहिलं. शाई हलली नाही. काही न बोलता तो खेळायला गेला. त्या आठवड्यात तो पहिल्यांदा पुढच्या ओळीत येऊन बसला.

म्हणून माझा पहिला सल्ला हजेरीचाच. जन्माचा दाखला नाही, शाळा सोडल्याचा दाखला नाही, अशी अडचण कुणी काढली तर शिक्षण हक्क कायद्याकडे बोट दाखवा. २००९ चा हा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, हे त्याच्या कलम १४ मध्ये स्पष्ट आहे, आणि वर्षाच्या अधेमध्ये आलं म्हणून मूल परत पाठवता येत नाही, हे कलम १५ मध्ये. मुलाची ऑनलाइन नोंद त्याच्या गावच्या शाळेत असेल तर ती तिथंच राहू द्या, तिच्या मागे लागून मुलाचं नुकसान करू नका. स्थलांतर करणाऱ्या मुलाचं शिक्षण पुढच्या शाळेत चालू राहावं म्हणून असलेलं शिक्षण हमी पत्रक गावच्या शाळेनं दिलं असेल तर ते मागून घ्या. पण तुमच्या वर्गात नाव कसं आणि कुठे लिहायचं, कोणत्या सुरात पुकारायचं, हे सर्वस्वी तुमच्या हातात आहे.

आता निर्वासितांबद्दल. तुम्ही वाचलंत त्यातलं काही इथं चपखल बसतं, काही बिलकूल बसत नाही. युद्धातून किंवा छळातून पळालेल्या मुलाला परतीची वाट बंद असते. आपल्याकडच्या मुलाला परत जायचंच आहे, तेही चार-पाच महिन्यांत, आणि पुढच्या वर्षी पुन्हा कुठल्या तरी कारखान्यावर यायचं आहे. निर्वासित मूल कागदांसाठी अडतं, देशच नवा असतो. आपलं मूल याच देशाचं नागरिक आहे, सहा ते चौदा वयात शिक्षण हा त्याचा हक्क आहे, तरी दोन शाळांच्या मधे पडून ते दोन्हींच्या हातून निसटतं. आणि जे हिंसा डोळ्यांनी पाहून आलं आहे, त्या मुलाच्या मनाला लागणारी मदत वेगळी. ती आपल्यासारख्यांनी अर्ध्या माहितीवर करायला जाऊ नये.

सारखं काय आहे, ते आपल्या कोल्हापूरच्या उदाहरणावरून मला नीट कळलं. दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत मुलखात हद्दपार झालेले हजारो पोलिश लोक, त्यांत बायका आणि मुलंच जास्त, सुटका झाल्यावर इराणमार्गे हिंदुस्थानात आले. नवानगरच्या (आजच्या जामनगरच्या) जामसाहेबांनी १९४२ मध्ये बालाचडीला मुलांसाठी छावणी उभारली आणि १९४३ पासून कोल्हापूरजवळ वळिवडे इथं मोठी वसाहत झाली. सुमारे पाच हजार माणसं तिथं राहिली. वळिवड्यात त्यांच्या शाळा होत्या, पोलिश भाषेत चालणाऱ्या, शिकवणारेही त्यांच्यातलेच. तिबेटी निर्वासितांसाठीही भारत सरकारनं १९६१ मध्ये स्वतंत्र शाळांची व्यवस्था केली. वळिवड्यात तरी शिक्षक मुलाच्याच बाजूचा होता. त्याचंही घर गेलेलं होतं.

तुमच्या मुलांना तसा शिक्षक मिळालेला नाही. तुम्ही त्या गावचे, ज्या गावाच्या विहिरीवर त्यांची आई भांडी घेऊन उभी राहिली तर कुणीतरी हटकतं. ज्या बागायतदाराच्या फडात त्यांचे आईवडील राबतात, त्याचा मुलगा त्यांच्याच शेजारी बसतो. मुलाच्या नजरेत तुम्ही गावाच्या बाजूनं उभे आहात. निर्वासित मुलांमध्ये परक्या देशातल्या शिक्षकाकडे पाहताना जी सावध नजर असते, ती तुमच्या वर्गातल्या मागच्या ओळीत आहे. आणि तिथं जी ओढ असते, तीही आहे. गावचा शाळेचा गणवेश उशाशी घडी घालून ठेवणारी मुलं मी कोप्यांमध्ये पाहिली आहेत.

"आमच्या गावच्या शाळेत असं नसतं" हे वाक्य तुम्हाला लागलं, हे तुमच्या लिहिण्यातून कळतं. लावून घेऊ नका. ते वाक्य ऐकलं की मला बरं वाटायचं, कारण मूल बोलू लागलं. सुरुवातीला मीही "इथं इथलं चालतं" असं म्हणून तोंड बंद केलं आहे, आणि ती चूक होती. ज्या गावात तिचं स्वतःचं घर आहे, शाळेत स्वतःची जागा आहे, त्या गावाची ती मुलगी तुम्हाला ओळख करून देत असते. विचारा तिला: घंटा कुठं टांगलीय, तुमच्या बाई कविता कशी म्हणतात, मैदानात कोणतं झाड आहे? मी एकदा अशाच मुलीकडून तिच्या बाईंच्या चालीवर कविता वर्गाला शिकवून घेतली. आमच्या गावच्या मुलांना ती चाल इतकी आवडली की वर्षभर तीच राहिली. त्या दिवसापासून तुलना थांबली असं नाही, पण तिच्यातला राग गेला.

बोलत नाहीत याला भाषेचंही कारण असू शकतं. टोळी बीडकडची असेल तर बोली थोडी वेगळी, एवढंच. पण बंजारा तांड्यावरची मुलं असतील तर घरात गोरमाटी ही बंजारा बोली बोलतात, आणि पलीकडून, कर्नाटकातल्या विजयपूर भागातून आली असतील तर कन्नडही असेल. मी सोलापूर शहराच्या पूर्व भागातली. आजोबा तेलंगणातून मागावर काम करायला आले, आई विड्या वळायची, घरात तेलुगू. सोलापुरात तेलुगू, कन्नड, उर्दू माध्यमाच्या शाळा आहेत, पण वडिलांनी मला मराठीत घातलं. पहिल्याच आठवड्यात तहान लागली म्हणून उभी राहून "नीळ्ळू" म्हणाले. वर्ग हसला. पाणी हा शब्द मला येत होता, पण घाईत घरचा निघाला. त्यानंतर किती दिवस मी पाणी प्यायला उठलेच नाही. घशाला कोरड पडलेली मुलगी धडा काय ऐकणार? म्हणून माझ्या वर्गात मी आधी त्या मुलांचे शब्द शिकायची. आईला याडी म्हणतात, भाकरीला बाटी. असे दहा-बारा शब्द फळ्याच्या कडेला लिहून ठेवायचे आणि गावातल्या मुलांनाही ते म्हणायला लावायचे. हसू तिथंही यायचं, पण मग सगळ्यांच्याच उच्चारांना यायचं.

आता परिस्थितीवर काय अवलंबून आहे ते सांगते, कारण ११ मुलं म्हणजे ११ गोष्टी. वय फार महत्त्वाचं. सहा-सात वर्षांच्या मुलाला शाळा म्हणजे सावली, खिचडीचा वास आणि खेळायला सवंगडी. ते लवकर रुळतं. बारा-तेराच्या मुलाचं अवघड. फडावर नवराबायकोची जोडी म्हणजे एक कोयता, एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. हा मुलगा दोन वर्षांत अर्धा कोयता धरणार, हे त्याला माहीत असतं, बापालाही माहीत असतं. त्याला वाचन तिसरीचं येतं म्हणून तिसरीच्या ओळीत बसवलंत तर चौथ्या दिवशी तो फडात दिसेल. कायद्यानंही त्याला वयाप्रमाणे वर्ग मिळायला हवा आणि मागं राहिलेलं भरून काढायला विशेष प्रशिक्षण, हे कलम ४ मध्ये आहे. त्याला वयाच्या मुलांत बसवा आणि त्याला जे येतं तिथून सुरुवात करा. माझ्याकडे एक मुलगा होता, कागदावर भागाकार मांडता यायचा नाही. पण बापाची गाडी दोन टनांची, दिवसाला एक खेप, टनाला अमुक दर, तर उचल फिटायला किती दिवस लागतील, हे तो बैलांना पाणी पाजता पाजता सांगायचा. त्याचा हा हिशेब मी फळ्यावर त्याच्याच तोंडून मांडून घेतला. आपण जे करतो त्याला शाळेत भागाकार म्हणतात, हे कळल्यावर त्याच्या चेहऱ्यावर जे आलं, ते मला अजून दिसतं.

मुलींचं आणखी वेगळं. आठ-नऊ वर्षांच्या मुलीवर धाकट्या भावंडाची जबाबदारी असते. आई पहाटे तीन-चारला फडात जाते, ती सांजेला येते. या मुलीला शाळेत बोलावणं म्हणजे बाळाला कुठं ठेवू हा प्रश्न तिच्या डोक्यावर टाकणं. माझ्या वर्गात बाळ आणायला परवानगी होती. कोपऱ्यात सतरंजी, जवळ अंगणवाडी असेल तर अंगणवाडीताईंशी आधीच बोलणं. थोडा गोंधळ होतो, होऊ द्या. दिवसातले चार तास कुणीतरी आपल्यालाही लहान समजतं, यासाठी या मुली शाळेत येतात. हे त्यांनी मला शब्दांत कधी सांगितलं नाही, पण बाळ झोपलं की त्या लंगडी खेळायला कशा धावतात ते पाहिलं म्हणजे कळतं.

टोळी कशी आहे यावरही बरंच ठरतं. बैलगाडीवाली कुटुंबं बहुधा हंगामभर कारखान्याच्या आसपास एकाच तळावर राहतात, त्या मुलांशी चार महिन्यांचं नातं जुळतं. ट्रक-ट्रॅक्टरच्या टोळ्या फड संपला की दुसऱ्या गावाला हलतात. तुमची मुलं तीन आठवड्यांत गेली तर त्यात तुमचं काही चुकलं असं समजू नका. पुढं कोणत्या गावाला गेली ते मुकादमाकडून काढा आणि तिथल्या शाळेला फोन करा. तुमच्या केंद्रात बालरक्षक म्हणून, म्हणजे शाळाबाह्य मुलांना शाळेत आणण्याचं, काम करणारे शिक्षक असतील, त्यांना सोबत घ्या.

खाऊ आणि वह्यांबद्दल थोडं स्पष्ट बोलते. तुमची भावना मला समजते, पण फक्त त्या अकरांना वाटलंत तर गावातली मुलं बघतात, आणि घेणारी मुलं ती नजर ओळखतात. द्यायचं तर सगळ्या वर्गाला द्या, नाहीतर हळूच, दप्तरात. "ऊसतोडीची मुलं" असा शब्द वर्गात काढू नका, नावानं हाक मारा. आणि पाहुणे आले, अधिकारी आले, तर त्यांना उभं करून "सांगा, तुम्ही कसे राहता" असं कधी विचारू नका. स्वतःचं दुःख सांगायला लावणं ही त्या मुलाला शिक्षाच वाटते. बोलायचं असेल तेव्हा ते मूल तुम्हाला एकट्याला, बहुतेक झाडाखाली किंवा परत जाताना वाटेत, आपणहून सांगेल.

"शाळा आवडते का?" असंही विचारू नका. सगळी "हो" म्हणतात, मोठ्या माणसाला हवं ते उत्तर देण्यात ती तरबेज असतात. त्याऐवजी काम सोपवा आणि बघा. फळा पुसणं, खिचडीच्या ताटांची मोजणी, घंटा. घंटा वाजवण्याची पाळी त्यांच्यापैकी कुणाला नेमून द्या आणि ती पाळी कोणत्याही कारणानं चुकवू नका. बुधवारी तुझी पाळी म्हणालात तर बुधवारी तीच. ज्या मुलाची बुधवारी घंटा आहे, ते मंगळवारी नसलं तरी बुधवारी येतं, असा माझा अनुभव.

निरोपाची तयारी आतापासून ठेवा. पट्टा पडायची तारीख आधी कुणी सांगत नाही, टोळी एका रात्रीत हलते, मग मुलाच्या हातात काही देणं राहून जातं. मी जानेवारीत सोलापुरातली गड्ड्याची जत्रा झाली की प्रत्येकाची एक वही तयार करायला घ्यायची. मूल कोणत्या धड्यापर्यंत आलं, कोणती उदाहरणं सोडवतं, कशात अडतं, हे गावच्या शिक्षकांना उद्देशून साध्या शब्दांत. खाली मुलाच्या अक्षरात त्याचं नाव आणि त्यानं लिहिलेल्या चार ओळी. शिक्षण हमी पत्रकावर इथली हजेरी भरून तेही त्या वहीत. गावच्या शाळेत फोन करून मुलासमोरच बोलायचं, "तुमची अमुक इथं आहे, छान वाचते." तिकडच्या बाईंचा आवाज फोनमधून ऐकू आला की मुलांच्या अंगात वारं शिरायचं. आपल्या दोन शाळा एकमेकींशी बोलतात, हे त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा दिसतं. बोलताना हेही विचारा की गावात हंगामी वसतिगृह चालतं का. पुढच्या वर्षी मूल गावातच थांबू शकत असेल आणि आईवडिलांची तयारी असेल, तर ते सगळ्यांत चांगलं.

आठवड्यात दोन दिवस मुलं येत नाहीत, त्याबद्दल मी इथून ठाम सांगू शकत नाही. ते कोणते दोन दिवस, हे पंधरा दिवस लिहून ठेवा. आठवडी बाजाराचा दिवस असेल तर थोरल्यांवर कोपी राखायची वेळ येते, तिथं पालकांशी बोलून आळीपाळी ठरवता येते. आधल्या रात्री गाडी उशिरा खाली झाली म्हणून सगळं घरच जागं असेल, तर त्या दिवशी अकराला आलेल्या मुलाला "उशीर का?" न विचारता बसू द्या. आणि फक्त मोठ्या मुली गैरहजर असतील, तर कारण वेगळं आहे, त्यासाठी सांजेला, चुली पेटल्यावर, एकदा कोप्यांवर जाऊन आयांशी बोलावं लागेल. दिवस आणि नावं इथं लिहा, मग पुढचं बोलू.